चूक झाल्यानंतर काय? बुद्धीविषयीची धारणा आणि शिकण्याची उमेद

बुद्धी म्हणजे काय, हे शाळकरी मुलाला नेमके सांगता येत नाही. पण आपल्या वाट्याला ती किती आली आहे आणि ती वाढण्यासारखी आहे की नाही, याविषयीचा एक समज त्याच्या मनात प्राथमिक शाळा संपेपर्यंत आकार घेऊ लागलेला असतो. ‘गणिताला डोकं लागतं’, ‘तो मुळातच हुशार आहे’, ‘हिचं इंग्रजीत डोकंच चालत नाही’ ही वाक्ये घरात, वर्गात आणि शिकवणीत इतक्या सहजपणे बोलली जातात की त्यांत एक सिद्धान्त दडलेला आहे, हे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. मूल मात्र तो सिद्धान्त उचलते, आणि अवघड प्रकरण समोर आले, उत्तर चुकले किंवा चाचणीत गुण कमी पडले की त्याच्याच आधारे पुढे काय करायचे ते ठरवते. या समजाचा अभ्यासावर परिणाम कसा होतो आणि नेवासा तालुक्यातील सोनई व तिच्यासारख्या बाजारपेठेच्या गावांतील शिक्षक, पालक व विद्यार्थी यांनी त्यासंबंधी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बुद्धीविषयीची धारणा भाषणाने बदलत नाही. चूक झाल्यानंतर मोठी माणसे जशी वागतात त्यावरून ती घडते, आणि म्हणून सुधारणेची सुरुवातही तिथूनच करावी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दोन धारणा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी १९७० च्या दशकापासून या प्रश्नाचा अभ्यास केला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडसेट’ या पुस्तकामुळे त्यांची मांडणी जगभरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचली. त्यांच्या मते बुद्धीकडे पाहण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. बुद्धी हा जन्मतः ठरलेला साठा असून त्यात फारसा फरक पडत नाही, असे मानणे म्हणजे ‘स्थिर धारणा’. आणि योग्य पद्धतीचा सराव, चांगले मार्गदर्शन व वेळ मिळाल्यास बौद्धिक क्षमता वाढते, असे मानणे म्हणजे ‘वर्धिष्णू धारणा’. एकाच मुलाच्या ठिकाणी या दोन्ही धारणा वेगवेगळ्या विषयांबाबत एकत्र नांदू शकतात. क्रिकेटमध्ये सरावाने हात बसतो हे ज्याला पूर्ण पटलेले असते, तोच मुलगा बीजगणित मात्र उपजत बुद्धीवाल्यांचे आहे असे मानून बसलेला असतो.

या धारणांचा परिणाम तीन ठिकाणी दिसतो. पहिला परिणाम उद्दिष्टावर होतो: बुद्धी स्थिर मानणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हुशार दिसावे याची काळजी अधिक असते, म्हणून तो येणारीच गणिते पुन्हा पुन्हा सोडवतो आणि न येणारी टाळतो, तर बुद्धी वाढते असे मानणारा विद्यार्थी नवे काही हाती लागावे म्हणून थोडे अवघड काम घ्यायला तयार होतो. दुसरा परिणाम कष्टाच्या अर्थावर होतो: पहिल्याच्या लेखी जास्त अभ्यास करावा लागणे ही बुद्धी कमी असल्याची कबुली ठरते, आणि त्यामुळेच पुष्कळ मुले ‘आपण तर काहीच वाचलं नव्हतं’ असे परीक्षेनंतर मुद्दाम सांगत फिरतात; दुसऱ्याच्या लेखी कष्ट हे शिकण्याचे साधन असते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा परिणाम अपयशाच्या अर्थावर होतो: एकाला चुकलेले उत्तर हा स्वतःवरचा निकाल वाटतो, तर दुसऱ्याला आपल्या पद्धतीत कोठे तरी गफलत झाल्याची ती खूण वाटते. शंका विचारायला हात वर न करणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही. शंका विचारली की आपले अज्ञान उघडे पडेल, या भीतीनेही ते गप्प बसलेले असते.

संशोधनाने काय दाखवले

ड्वेक यांचा १९७५ सालचा एक प्रयोग पालकांनी व शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. अपयश येताच हातपाय गाळणाऱ्या मुलांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला जमतील अशीच गणिते देऊन सतत यश मिळू दिले, तर दुसऱ्या गटाला अधूनमधून अपयश येऊ दिले आणि प्रत्येक वेळी ते अपयश बुद्धीच्या नव्हे तर प्रयत्नाच्या कमतरतेमुळे आले, असे समजावून दिले. पुढे अवघड गणिते समोर आली तेव्हा केवळ यशाची सवय लागलेली मुले पूर्वीसारखीच कोलमडली, दुसऱ्या गटातील मुले मात्र टिकून राहिली. आत्मविश्वास वाढवण्यासाठी सोपे प्रश्न देत राहणे हा अपुरा उपाय आहे, असा याचा अर्थ होतो.

क्लॉडिया म्यूलर व ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना आकृतिबंधांचे प्रश्न सोडवायला देऊन काहींना ‘तू हुशार आहेस’ आणि काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ अशी शाबासकी देण्यात आली. पुढचे काम निवडण्याची मुभा मिळताच हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सोपे काम पसंत केले, तर मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी शिकायला मिळेल असे अवघड काम घेतले. मध्ये एकदा सर्वांनाच अवघड प्रश्नांनी हरवल्यानंतर पुन्हा पहिल्याइतकेच सोपे प्रश्न दिले, तेव्हा हुशार ठरवलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि मेहनती ठरवलेल्यांची सुधारली. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाला आपले गुण कळवायला सांगितले असता हुशार म्हटलेल्या मुलांपैकी दहातल्या जवळपास चार जणांनी ते वाढवून सांगितले. कौतुकाचे एक वाक्य मुलाला खोटे बोलण्यापर्यंत नेऊ शकते, ही या प्रयोगातील अस्वस्थ करणारी बाब आहे.

न्यूयॉर्कमधील ३७३ विद्यार्थ्यांचा सातवीपासून दोन वर्षे माग घेणारा अभ्यास लिसा ब्लॅकवेल, काली ट्रझेस्नीव्हस्की व ड्वेक यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला गणितात जवळजवळ सारख्याच असलेल्या मुलांपैकी बुद्धी वाढते असे मानणाऱ्यांचे गुण पुढे चढत गेले आणि बुद्धी स्थिर मानणाऱ्यांचे तसे चढले नाहीत. २०१९ साली अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, बुद्धी वाढते हे समजावणाऱ्या एक तासापेक्षाही कमी वेळाच्या संगणकीय पाठामुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण थोडे, पण निश्चितपणे वाढल्याचे आढळले.

मात्र या संशोधनाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. २०१८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम क्षीण असल्याचे आणि जो काही लाभ दिसतो तो मुख्यतः गरीब किंवा मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना होत असल्याचे निष्पन्न झाले. इंग्लंडमधील सुमारे शंभर प्राथमिक शाळांत केलेल्या आणि २०१९ साली अहवाल प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर मुलांची अधिक प्रगती झाल्याचे दिसलेच नाही. या विसंगतीचा काही उलगडा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून होतो: वर्धिष्णू धारणेचा पाठ घेतलेल्या विद्यार्थ्यांचा लाभ त्याच वर्गांत टिकला, जिथे स्वतः शिक्षकही बुद्धी वाढते असे मानत होते. भिंतीवर सुविचार लिहायचा आणि वर्गात मात्र चुकलेल्या मुलाला ‘बस खाली’ म्हणायचे, अशा ठिकाणी मूल भिंतीवर नव्हे, वर्गातील अनुभवावर विश्वास ठेवते.

बुद्धिमत्ता चाचणीचा मूळ हेतू

बुद्धी मोजता येते आणि म्हणून ती ठरलेली असते, हा समज पसरण्यास बुद्धिमापन चाचण्या कारणीभूत झाल्या, परंतु चाचणीच्या आद्य कर्त्याचे मत नेमके उलट होते. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली जी चाचणी तयार केली, तिचा हेतू शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा होता. बुद्धी ही वाढू न शकणारी ठरावीक मात्रा आहे असे म्हणणाऱ्यांचा त्यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात स्पष्ट निषेध केला आणि अवधान, स्मरण व विचार यांना वळण लावणारे व्यायाम अशा मुलांसाठी सुचवले. १९११ साली त्यांचे निधन झाल्यानंतर अमेरिकेत या चाचणीचा वापर माणसांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी होऊ लागला. भारतात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर करून १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती मुलांच्या तपासणीसाठी आजही वापरली जाते. मदतीची दिशा ठरवण्यासाठी काढलेला अंक मुलाच्या कपाळावर शिक्का म्हणून मारला जाऊ नये, ही दक्षता त्या वापरात घ्यावीच लागते.

महाराष्ट्रातील मुलांची बुद्धिमत्ता या शब्दाशी पहिली औपचारिक गाठ पडते ती मात्र दवाखान्यात नव्हे, तर शिष्यवृत्ती परीक्षेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत भाषा व गणित यांच्या जोडीला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा स्वतंत्र विषय असतो. आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बौद्धिक क्षमता चाचणी’ असते, आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेतही मानसिक क्षमतेचे प्रश्न असतात, ज्यांच्या जोरावर टाकळी ढोकेश्वर येथील विद्यालयात जाण्याचे स्वप्न जिल्ह्यातील अनेक घरे पाहतात. मालिका पूर्ण करा, गटात न बसणारे पद ओळखा, समसंबंध, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, दिनदर्शिका आणि घड्याळ हे या प्रश्नांचे ठरलेले प्रकार आहेत. जादा तासाला बसणाऱ्या मुलांचे या विषयातील गुण जून-जुलैत किती होते आणि परीक्षेच्या तोंडावर किती झाले, हे प्रत्येक शिक्षकाच्या नोंदवहीत असते. बुद्धिमत्ता या नावाचाच विषय सरावाने सुधारतो, याहून प्रत्ययकारी पुरावा मुलांना बाहेरून आणून देण्याची गरज नाही. तो त्यांच्याच उत्तरपत्रिकांत आहे. त्यातून मुलाची एकंदर बुद्धी तेवढ्या पटीने वाढली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, परंतु पहिल्या चाचणीतील अंक हा त्याच्या बुद्धीची मर्यादा नव्हता, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते.

उपजत आणि वाढणारे

बुद्धीत उपजत काहीच नसते, असे कोणताही जबाबदार अभ्यासक म्हणत नाही. व्यक्ती-व्यक्तींमधील फरकात आनुवंशिकतेचा वाटा असतो. प्रश्न एवढाच आहे की, आनुवंशिक म्हणजे न बदलणारे, हे समीकरण बरोबर आहे काय. सोनईच्या परिसरातील वाचकाला याचे उत्तर आपल्याच शेतात मिळते. मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे येण्याआधी जी जमीन पावसाच्या भरवशावर बाजरी देत असे, तीच जमीन पाणी मिळाल्यावर ऊस देऊ लागली, आणि तो गाळण्यासाठी सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जमिनीचा मूळ पोत तोच होता, पण उत्पन्न म्हणजे जमिनीचा उपजत गुण नव्हे हे पाण्याने दाखवून दिले. याच अनुभवाची दुसरी बाजू अशी की, पाण्याचा निचरा न पाहता नुसते पाणी भरत राहणाऱ्याची जमीन क्षारपड होते. पद्धत न बदलता केवळ तास वाढवणाऱ्या, घोकंपट्टीवर भर देणाऱ्या अभ्यासाचेही तसेच होते. म्हणून ‘आणखी मेहनत कर’ हा सल्ला एकटा कधीच पुरेसा नसतो, ती मेहनत कोणत्या पद्धतीने करायची हेही सांगावे लागते.

विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापन चाचण्यांतील सरासरी गुण पिढी-दर-पिढी वाढत गेले, याकडे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात लक्ष वेधले. एक-दोन पिढ्यांत माणसाची जनुके बदलत नाहीत. शाळा, आहार, कुटुंबाचा आकार आणि रोजच्या कामाचे स्वरूप बदलते. ही वाढ नेमकी कशामुळे झाली याबाबत मतभेद असले तरी बाह्य परिस्थितीचा वाटा त्यात मोठा होता, याविषयी अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत आहे.

धारणा कोठे तयार होते

शाळेतील काही व्यवस्था शब्दांवाचूनच मुलांना बुद्धीचा सिद्धान्त शिकवतात. गुणांच्या क्रमाने ‘अ’ तुकडीपासून तुकड्या पाडण्याची पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण होय. शेवटच्या तुकडीत बसलेल्या मुलाला कोणी काही म्हणाले नाही, तरी आपली जागा त्याला कळते, आणि त्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकाच्या अपेक्षाही नकळत खाली येतात. सेमी-इंग्रजी वर्गाची निवडही पुष्कळदा ‘हुशार मुलांचा वर्ग’ अशी ओळख घेऊन येते, आणि ज्याला केवळ इंग्रजी शब्दांची अडचण आहे तो मुलगा आपल्याला गणितच येत नाही, असे धरून चालतो.

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड मजुरांचे कोयते या पट्ट्यात उतरतात आणि त्यांच्या मुलांचे शाळेचे काही महिने तुटतात. साखरशाळा आणि मूळ गावातील हंगामी वसतिगृहे यांमुळे ही तूट काही प्रमाणात भरून निघते, तरी अशा मुलाला जेव्हा भागाकार येत नाही, तेव्हा ज्या महिन्यांत भागाकार शिकवला गेला तेव्हा ते कोठे होते, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला पाहिजे. संधीतील खंडाला बुद्धीची उणीव समजणे हा स्थिर धारणेचा सर्वांत अन्यायकारक प्रकार आहे, आणि तो मुलापेक्षा मोठ्यांच्या मनात अधिक आढळतो.

याच धारणेचा फटका हुशार म्हणून वाढलेल्या मुलांनाही बसतो. दहावीपर्यंत फारसे न अडखळता नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला जातो आणि भौतिकशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत त्याला निम्मेही गुण पडत नाहीत, तेव्हा अडल्यावर काय करायचे असते याचा अनुभवच त्याच्या गाठीशी नसतो. हुशारी हीच ज्याची ओळख झाली, त्याला मदत मागणे म्हणजे ती ओळख गमावणे वाटते; म्हणून तो चाचण्या चुकवतो, गुण लपवतो आणि अखेरीस ‘ही लाइनच आपली नाही’ असे म्हणून बाजूला होतो.

शिक्षकांसाठी

शिक्षकाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे चुकलेल्या उत्तरानंतरचे अर्धे मिनिट. समजा, फळ्यावर २, ६, १२, २०, ३० ही मालिका आहे आणि पुढची संख्या म्हणून एका विद्यार्थ्याने ४० लिहिली आहे. ‘चूक, कोण सांगेल?’ असे म्हणून प्रश्न पुढच्या बाकावर गेला, तर वर्गाला ४२ हे उत्तर मिळते आणि त्या विद्यार्थ्याला स्वतःविषयीचा निकाल मिळतो. त्याऐवजी ‘४० कसे आले, ते सांग बरं’ असे विचारले, तर तो म्हणतो, ‘सर, शेवटी १० वाढलेत, म्हणून ३० मध्ये १० मिळवले.’ म्हणजे दोन संख्यांमधील फरक पाहायचा असतो, ही अर्धी वाट तो चाललेला असतो. ‘फरक पाहिलास, हे बरोबर. आता त्याच्या आधीचे फरकही लिही’ एवढे सांगताच ४, ६, ८, १० हे आकडे त्याच्या वहीत उतरतात आणि पुढचा फरक १२ असणार, हे त्याचे त्यालाच दिसते. येथे शिक्षकाने ‘बुद्धी वाढते’ असे एकदाही म्हटलेले नसते. मात्र चुकलेल्या उत्तरातही विचार असतो आणि तो दुरुस्त करता येतो, हे त्या मुलाबरोबर सबंध वर्गाने पाहिलेले असते.

हीच दृष्टी ठेवून काही सवयी रूढ करता येतात. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी काही क्षण थांबावे, जेणेकरून झटपट हात वर करणे म्हणजेच हुशारी असा समज बळावणार नाही. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका परत दिल्यावर चुकलेले प्रश्न दुरुस्त करून आणण्यास वेळ द्यावा आणि दुरुस्तीची नोंद घ्यावी. केवळ गुण वाचून दाखवून गठ्ठा कपाटात गेला, तर चाचणी मोजमापापुरती उरते. शाबासकी देताना नेमके काय चांगले झाले ते सांगावे: ‘आकृती काढून घेतलीस म्हणून उदाहरण सुटलं’, ‘पहिली रीत जमली नाही तेव्हा दुसरी करून पाहिलीस’. मात्र उत्तर चुकीचे असताना आणि पद्धतही चुकीची असताना ‘मेहनत घेतलीस, छान’ असे म्हणणे टाळावे, कारण पोकळ शाबासकीमागची कीव मुलांना बरोबर ओळखता येते. ‘गणित सगळ्यांनाच जमत नाही’ हे सांत्वनाचे वाक्यही वर्ज्य करावे. ते मायेने बोललेले असले तरी मुलाची अपेक्षा कायमची खाली आणते.

पालकांसाठी

सोनईसारख्या गावात पालकांचे शिक्षण, शेतीची वेळापत्रके आणि शिकवणीचा खर्च यांच्या मर्यादा असतात. तथापि धारणेच्या दृष्टीने पालकांनी जे करायचे ते विषय न येताही करता येते. निकाल हातात आल्यावर ‘किती पडले?’ आणि ‘त्याला किती पडले?’ या दोन प्रश्नांच्या पुढे जाऊन ‘कोणते प्रश्न चुकले, आणि ते का चुकले?’ असे विचारता येते. समजा, २० पैकी ९ गुण मिळाले असतील, तर गेलेल्या ११ गुणांची मुलाकडूनच वर्गवारी करून घ्यावी: सूत्र आठवले नाही म्हणून किती गेले, आकडेमोडीत किती, प्रश्नच नीट न वाचल्याने किती आणि वेळ न पुरल्याने किती. या चारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि अशी वर्गवारी केल्यानंतर ‘डोकं नाही’ हे उत्तर बसवायला जागाच उरत नाही.

भावंडांची किंवा चुलत-मावस भावंडांची तुलना, पाहुण्यांसमोर मुलाच्या गुणांचे जाहीर वाचन, आणि ‘आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही’ असा वारसा सांगणे, या तिन्ही गोष्टी मोडून काढाव्यात. ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ हे वाक्य तर कौतुकासारखे वाटत असले तरी घातक असते; अभ्यास न केल्याने आपली हुशारी शाबूत राहते आणि अभ्यास करून कमी गुण पडले तर ती जाईल, असा धडा मूल त्यातून घेते. उलट, आई-वडिलांनी स्वतः नवे काही शिकताना झालेली धडपड मुलांना दिसू द्यावी. ठिबकचे वेळापत्रक बसवणे, मोबाइलवर पीक पाहणी नोंदवणे किंवा बचत गटाचे हिशेब लिहिणे प्रौढ माणसालाही पहिल्या झटक्यात जमत नाही, हे पाहणाऱ्या मुलाला अडखळणे लाजिरवाणे वाटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी

धारणा बदलण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पद्धत बदलून स्वतःची सुधारणा स्वतः पाहणे. त्यासाठी विद्यार्थ्यांनी एक ‘चुकांची वही’ ठेवावी, तिच्यात चुकलेला प्रश्न, चुकण्याचे कारण आणि बरोबर रीत लिहावी, आणि तोच प्रश्न दोन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने वहीत न पाहता पुन्हा सोडवावा. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणे अधिक उपयोगी असते; हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना सगळे येते असे वाटते आणि आठवताना अडखळायला होते, म्हणून मुले दुसरी पद्धत टाळतात. हे अडखळणे बुद्धीची उणीव दाखवत नसून शिकणे चालू असल्याचे दाखवते, एवढे कळले तरी पुष्कळ साधते.

‘मला येत नाही’ असे वाटले की त्या वाक्याचे तुकडे करावेत. अपूर्णांकांची बेरीज येत नाही म्हणजे समच्छेद करता येत नाही, की लसावि काढता येत नाही, की पाढे कच्चे आहेत, हे शोधावे आणि तेवढीच शंका घेऊन शिक्षकाकडे जावे. एकाच रीतीने तीनदा प्रयत्न करूनही उत्तर येत नसेल, तर चौथ्यांदा रीत बदलावी किंवा मदत मागावी. मदत मागणे हा प्रयत्नाचाच भाग आहे.

मर्यादा ओळखणे

वर्धिष्णू धारणा हे सर्व अडचणींवरचे औषध नव्हे. वाचताना अक्षरांची सतत उलटापालट होणे, बोलताना येणारी गोष्ट लिहिताना अजिबात न जमणे किंवा संख्यांचा बोधच न होणे, अशी लक्षणे दीर्घकाळ दिसली तर ती अध्ययन अक्षमतेची असू शकतात. अशा मुलाला ‘आणखी प्रयत्न कर’ म्हणणे ही क्रूरता ठरते आणि त्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण प्रमाणपत्र मिळाल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. फळा न दिसणे, कमी ऐकू येणे, रक्तक्षय आणि अपुरी झोप ही कारणेही आधी तपासावीत. त्याचप्रमाणे शिक्षकांची रिकामी पदे, बंद प्रयोगशाळा किंवा एसटीच्या अनियमित फेऱ्या यांचे खापर मुलाच्या मनोवृत्तीवर फोडता कामा नये; धारणा मुलाला संधीचा उपयोग करायला शिकवते, संधी निर्माण करण्याचे काम मोठ्यांचेच राहते.

शाळेने हा विचार अमलात आणायचा झाल्यास एका सत्रापुरता एकच बदल निवडावा आणि चाचणीनंतरच्या दुरुस्तीला वेळापत्रकात एक तासिका द्यावी. सत्राच्या शेवटी ‘बुद्धी वाढते का?’ असे मुलांना विचारण्यात अर्थ नाही, कारण शिक्षकांना कोणते उत्तर हवे आहे ते मुले ओळखतात. त्याऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात: सत्राच्या सुरुवातीपेक्षा किती अधिक मुले शंका विचारतात, किती मुले चुकलेला प्रश्न न सांगता पुन्हा सोडवून आणतात, आणि शेवटच्या बाकांवरून किती उत्तरे येतात, मग ती चूक असली तरी. हे आकडे वाढले नसतील, तर मुलांची धारणा बदलण्याआधी वर्गातील रीत बदलायची राहून गेली आहे, असे समजून शिक्षकांनी पुढच्या सत्राची आखणी करावी.